बारा आठवड्यांचा गुडघा

चैतराम खोब्रागडेचा डावा गुडघा मार्चच्या शेवटी बरा झाला. दुखणं गेलं, मांडीत ताकद आली, आणि सहा वर्षांनी माणूस जमिनीवर मांडी घालून बसला.

असं काही झालं नाही. वरचं वाक्य ज्यांनी वाचलं, त्यांनी ते वाचलंच नाही असं धरून चालावं. खोब्रागड्यांच्या घरात तिघांनीही तसंच धरलं होतं, आणि गुडघा तर त्यांच्याच घरातला होता.

सुरुवात अशी. बालाघाटपासून सायकलीच्या अंतरावर मँगनीजची एक छोटी खाण आहे. भरवेलीच्या मोठ्या खाणीपुढे हिला कोणी खाण म्हणत नाही, नुसतं 'छोटी' म्हणतात. पोरगा छोटीवर कामाला आहे असं सांगितलं की सोयरीक घेऊन आलेले लोक पावसापाण्याचं बोलायला लागतात. पण छोटीचा एक नियम सोन्यासारखा होता. पंचावन्न वर्षं पुरी व्हायच्या आत खाणीच्या डॉक्टरांच्या बोर्डानं कामगाराला अनफिट ठरवलं, तर त्याच्या एका लेकराला खाणीत नोकरी. पंचावन्न वर्षं आणि एक दिवसाचा माणूस कितीही मोडका निघाला तरी ते मोडणं त्याचं त्यानं घरी नेऊन ठेवायचं.

चैतरामला येत्या एक जुलैला पंचावन्न पुरी होत होती. ज्या मास्तरानं त्याला शाळेत घातलं, त्यानं त्या दिवशी आलेल्या सगळ्याच पोरांना एक जुलैला जन्माला घातलं होतं.

गुडघा मात्र खरा मोडका होता. वीसेक वर्षं दोनशे चाळीस पायऱ्या रोज उतरून आणि चढून त्याची गादी झिजली होती. एक्स-रेत दोन हाडं एकमेकांना अशी टेकली होती की जणू भाऊबंदकी मिटली. म्हणून सहा वर्षांपासून चैतरामला खाली पाठवत नसत. त्याला बिल्ल्यांची खोली दिली होती. खाली उतरणाऱ्यानं आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्यावरून काढून न्यायचा, वर आला की परत टांगायचा. रिकामा खिळा म्हणजे माणूस खाली. सुरुंग उडवण्याआधी चैतरामनं सगळे खिळे भरलेले पाहून मगच हात वर करायचा, एवढंच काम.

हे काम तो देवपूजेसारखं करायचा, आणि त्याला कारण होतं. पंधरा वर्षांआधी मोतीलाल नावाच्या गड्यानं दोस्ताकडून आपला बिल्ला टांगून घेतला आणि खालीच गार जागा पाहून झोपला. खिळे सगळे भरलेले दिसले. सुरुंग उडाला. हजेरीप्रमाणे मोतीलाल तेव्हा घरी जेवत होता, आणि त्याच्या बायकोला ऑफिसातून दोन दिवस तेच सांगण्यात येत होतं. ढिगारा उपसायला गेलेल्यांत चैतराम होता. तेव्हापासून खोटी हजेरी हा शब्द जरी ऐकला तरी तो तिथून उठून जायचा. शेजाऱ्याच्या लग्नाच्या पंगतीत कोणी "जेवले का सगळे" विचारलं असतं, तरी आता त्यानं मोजून सांगितलं असतं.

घरात बायको तुळसाबाई आणि मुलगी ज्योत्स्ना. ज्योत्स्ना सव्वीस वर्षांची, बीएस्सी झालेली, आणि बालाघाटात साडीच्या दुकानात उभी. उभी हाच तिचा हुद्दा. सकाळी दहापासून दुकान बंद होईस्तोवर. दुकानात गिऱ्हाइकाला गादी होती, मालकाला खुर्ची होती, साड्यांनाही कपाट होतं. ज्योत्स्ना संध्याकाळी घरी यायची तेव्हा पोटऱ्या फुगलेल्या असत आणि ती पाय भिंतीवर टाकून बोलायची, म्हणून घरातले तिचे सगळे निर्णय उलटे पडून घेतलेले असत. छोटीच्या ऑफिसात टायपिंगची एक जागा रिकामी होती. ती खिडकीतून पाहून आली होती.

"खुर्चीले हात आहेत, बाबा," तिनं सांगितलं. "दोन्हीकून."

यानंतर चैतरामनं अनफिट व्हावं की न व्हावं यावर घरात चर्चा झाली नाही.

सल्ला द्यायला भैयालाल होता. तो मागच्या वर्षी कंबरेवर अनफिट झाला होता, त्याचा पोरगा छोटीत लागला होता, आणि तो आता दिवसभर कॉलनीच्या चौकात व्हॉलीबॉलच्या मॅचला अंपायर म्हणून उड्या मारत असे.

"सीधी बात आहे गा, चैतराम," तो म्हणाला. "बोर्डाच्या आंधी बारा हप्ते एक्सरसाइज करा लागते, दवाखान्यात. त्याच्यानं नाही झालं बरं, तर अनफिट. आता कोनाचं होते बरं? रजिस्टरमंदी सही करायची, चाय पियाची, वापस यायचं. मी बारा हप्ते चायच पेलो. माही कंबर अजूनही कागदावर वाकडी आहे."

"अन् सही?"

"सही करायचीच ना बाप्पा. सहीशिवाय चाय कशी पचन?"

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी चैतराम लंगडत, खरोखरचा लंगडत, छोटीच्या दवाखान्यात गेला. भैयालालच्या वेळची बाई बदलून गेली होती. तिच्या जागी राखी होती, परसवाड्याची, पंचविशीची, पहिलीच नोकरी. तिच्यापाशी एक स्टॉपवॉच, एक टॉवेल, वाळूची एक किलोची थैली आणि भलतीच उमेद होती.

"काका, दर्द दस में से कितना?"

"सात."

"कुर्सी से उठो-बैठो, हात नहीं लगाने का. तीस सेकंद."

चैतराम सहा वेळा उठला. सहाव्यांदा तो बसला तो पडल्यासारखा. राखीनं रजिस्टरात सहा लिहिलं आणि आखणी केली. मग तिनं सांगितलं की गादी झिजली ती झिजली, ती काही परत येत नाही, पण मांडीचं मांस तगडं झालं की गुडघ्यावरचं ओझं तेच उचलतं. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशीपर्यंत उतरलं म्हणजे झालं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्यानं ती दाबायची, दहा मोजायचे. दहा वेळा. मग पाय सरळ उचलायचा. मग पायरीवर चढ-उतर. तिनं सही घेतली, आणि तेवढ्यात घरून फोन आला म्हणून ती व्हरांड्यात निघून गेली.

खोलीत कोणी नव्हतं. समोर टपरीवर चहा उकळत होता, त्याचा वास आत येत होता. चैतराम टॉवेलकडे पाहत बसला. रजिस्टरात त्याची सही होती. सहीसमोर लिहिलं होतं, व्यायाम केला.

तो आडवा झाला आणि टॉवेल दाबायला लागला. मोठ्यानं मोजत.

नंतरही असंच चाललं. रोज सकाळी तो ठरवून जायचा की आज सही करून चहा प्यायचा, आणि रोज सही केल्यावर त्याच्या अंगात कोणीतरी खिळे मोजायला उभं राहायचं. चौथ्या आठवड्यात तो नऊ वेळा उठला. सहाव्यात राखीनं पायाला वाळूची थैली बांधली. आठव्यात तिनं "दर्द कितना" विचारलं तेव्हा चैतरामनं आधी दार बंद आहे का पाहिलं आणि हळूच सांगितलं, "दोन."

"क्या बात है, काका."

"जोरात नोको बोलू, बेटा."

त्याला कळत होतं की आपण घरादाराचं वाटोळं करून राहिलो. आणि तरीही, बिल्ल्यांच्या खोलीमागं कोणी नसताना तो उकिडवा बसून पाहायचा. बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. गुडघा हूं की चूं करत नसे. सहा वर्षं त्यानं जमिनीला हात लावला नव्हता. आता तो तिथं मुंग्यांची रांग जवळून पाहत बसायचा, आणि त्याला इतका आनंद व्हायचा की तो घाबरून उठायचा.

घरात फुटलं ते मार्चच्या शेवटी, जेवताना. चैतराम सहा वर्षं प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, ताट मांडीवर घेऊन जेवत होता. त्या दिवशी दवाखान्यातून तो भुकेजून आला, तुळसाबाईनं भात वाढला, आणि तो विचार न करता खाली पाट नसतानाही मांडी घालून बसला. दोन घास झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की दोघी त्याच्या गुडघ्याकडे पाहताहेत.

दुकान बंद म्हणून घरी असलेल्या ज्योत्स्नानं भिंतीवरचे पाय काढले.

"बाबा, उठा."

"काहून? काय झालं मले?"

"तेच तर विचारून राह्यली. काय झालं तुमाले? काहीच नाही झालं."

तुळसाबाईच्या हातातल्या पळीतून वरण ताटाबाहेर सांडत होतं. "बारा हप्ते," ती म्हणाली, "बारा हप्ते हा मानूस घरी येऊन पाय दुखते म्हनून माह्याकून तेल लावून घेत होता."

"आंधी दुखत होता," चैतराम म्हणाला.

"मंग दुखनं बंद काहून केलं?"

 त्यानं जमेल तितकं सावकाश उठायचा प्रयत्न केला, पण गुडघ्यानं त्याला झटक्यात उभं केलं.

त्याच दुपारी ठरलं की हे झालं नाही. बोर्ड नऊ एप्रिलला होतं. एक्स-रे अजूनही तसाच भयानक होता, हाड हाडाला टेकलेलं. फोटो खरा, बाकी सगळं विसरायचं. चैतरामनं घरात, कॉलनीत, झोपेत, सगळीकडे लंगडायचं. ज्योत्स्नानं एक वही केली. सकाळी दुकानात जायच्या आधी ती अंगणात उभी राहून त्याचं लंगडणं तपासायची. दहा पावलं, दहा वेळा.

"हा उजवा आहे, बाबा."

"दोन्ही सारखेच लागून राह्यले आता."

"तोंड वाकडं करा. तसं नाही. तुमी हसून राह्यले."

तुळसाबाईनं आपल्या परीनं गुडघा बिघडवायला घेतला. तिनं त्याला पाण्याचे डबे वाहायला लावले, छतावर गहू चढवायला लावले, रविवारी रामपायलीला भावाच्या शेतात बांध घालायला धाडलं. परत आला तेव्हा त्याची मांडी पॅंटमध्ये मावत नव्हती. भैयालालनं चौकातून पाहिलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काय गा चैतराम, अनफिट होऊन राह्यला का पोलीसमंदी भरती होऊन राह्यला?"

बोर्डाच्या आधीच्या रविवारी, सकाळी दहा वाजता, ज्योत्स्ना दुकानात गेली नाही. तिनं दाराला कडी लावली. तुळसाबाईनं पाट आणला, त्यावर जुनं पातळ घडी करून ठेवलं आणि स्वयंपाकघरातून वरवंटा आणला.

कोणी काही समजावून सांगितलं नाही. चैतरामनं पॅंट वर केली आणि डावा पाय पाटावर ठेवला. त्याला वाटलं, बायको दोन मिनिटं रडेल, पोरगी म्हणेल राहू दे आई, आणि मग सगळे चहा पितील. त्यानं डोळे मिटले.

"नीट धर वो आई," ज्योत्स्नाचा आवाज आला. "वाटीवर पाह्यजे. बाजूले नोको."

"मले शिकवू नोको. कोंबडी कोनं कापली आतापर्यंत या घरात?"

"तोंडात काही देऊ का त्याइच्या? शेजारी ऐकन."

"दे तो टॉवेल."

चैतरामच्या तोंडात टॉवेल आला. तो दवाखान्यातल्या टॉवेलएवढाच जाड होता. वरवंटा वर गेल्याचं त्याला बांगड्यांवरून कळलं. त्यानं मनात मोजायला सुरुवात केली. चारपर्यंत पोहोचला.

"थांब," ज्योत्स्ना म्हणाली.

चैतरामच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी पोरगी आपली.

ज्योत्स्ना छोटीच्या नियमांच्या झेरॉक्सवर बोट ठेवून वाचत होती. "मार लागलेला गुडघा अपघातात येते. त्याचा फॉर्म वेगळा. त्याच्यात एक महिन्याची सुट्टी भेटते, नोकरी नाही भेटत. आपल्याले झिजलेला पाह्यजे. फुटलेला नाही चालत."

"मंग आता?"

"ठेव तो."

तुळसाबाई वरवंटा घेऊन आत गेली. थोड्या वेळानं आतून लसणाची चटणी वाटल्याचा आवाज आला. चैतराम तोंडात टॉवेल घेऊन पाय पाटावर तसाच ठेवून बसला होता. त्याला कोणी सांगितलंच नाही की आता उठायला हरकत नाही.

नऊ एप्रिलला बोर्डापुढे तो सुंदर लंगडला. दारापासून खुर्चीपर्यंत सात पावलांत त्यानं दोनदा भिंत धरली. तीन डॉक्टर होते, अध्यक्ष नागपूरहून आलेले. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला आणि जीभ टाळ्याला लावून चुक् केलं. चैतरामच्या डोळ्यांपुढे खुर्ची आली, हातांची.

मग राखीनं रजिस्टर पुढं ठेवलं. तिनं त्यावर रंगीत आलेख काढला होता. त्याची रेघ चढत चढत कागदाच्या बाहेर जायच्या बेतात होती.

"सतरा?" अध्यक्षांनी विचारलं. "तीस सेकंदांत? या फोटोवर?"

"जी सर. एक भी दिन छुट्टी नहीं," राखी म्हणाली. अभिमानानं तिचा आवाज चिरकला.

"उठ-बैठ करके दिखाइए," अध्यक्ष चैतरामला म्हणाले.

चैतराम खुर्चीतून उठला, कण्हला, बसला. मनात मोजत तो बरोबर सहावर थांबला आणि गुडघा धरून वाकला. ज्योत्स्नानं शिकवलं होतं तसं तोंड केलं.

अध्यक्षांनी रजिस्टरकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "पंधरा दिवसांआधी सतरा, आज सहा. दोन्हींतलं एकच खरं असू शकतं." ते राखीकडे वळले. "मॅडम, घरी बसून भरलं का हे? असे फार रजिस्टर पाहिले मी. गेल्या वर्षीही इथल्याच एका कंबरेचं पाहिलं."

राखीचा चेहरा उतरला. तिनं आलेखाचा कोपरा बोटानं सरळ केला. 

"ये दस्तखत आपके हैं?" त्यांनी चैतरामला विचारलं. "सगळ्या? रोज आले होते?"

 नुसतं नाही म्हणायचं होतं. चहा प्यायला जात होतो, साहेब, म्हणायचं. भैयालालनं म्हटलं असतं. बाहेर बाकावर ज्योत्स्ना बसली होती, आणि तिला बसलेलं पाहायला त्याला किती बरं वाटलं होतं आत येताना.

"सही माहीच आहे," चैतराम म्हणाला. "सही केली म्हनजे केलं. रजिस्टर खोटं नाही, साहेब."

"म्हणजे आत्ताचं खोटं?"

 चैतरामला अपराध्यासारखं वाटलं म्हणून असेल, तो सरळ उभा राहिला. दोन्ही पायांवर.

तिसऱ्या डॉक्टरनं शेवटचा प्रयत्न केला. "सर, एक्स-रे तो बहुत खराब है."

"एक्स-रेला आपण खाली पाठवत नाही," अध्यक्ष म्हणाले आणि शिक्का मारला. फिट. त्याखाली त्यांनी हातानं एक शब्द जास्तीचा लिहिला: जमिनीखालीही.

अशा रीतीनं चैतरामची बिल्ल्यांची खोली गेली. पंधरा एप्रिलपासून त्याचा स्वतःचा बिल्ला खिळ्यावर लागला आणि तो पुन्हा दोनशे चाळीस पायऱ्या उतरायला लागला. राखीच्या आलेखाला भोपाळच्या कुठल्याशा परिषदेत बक्षीस मिळालं. तिनं पेढे आणले आणि पहिला चैतरामच्या तोंडात घातला. टायपिंगची जागा पावसाळ्याआधी भरायची असं ऑफिसात ठरलं होतं, आणि आणखी दोघांच्या बापांचे गुडघे रांगेत होते. भैयालालनं चौकात सगळ्यांना सांगितलं की खोब्रागड्याची पोरगी आता जन्मभर उभी, आणि बाप मात्र मस्त बसते-उठते.

ज्योत्स्ना बापाशी बारा दिवस बोलली नाही. तुळसाबाई बोलायची, पण गुडघ्याशी. चैतराम जेवायला बसला की ती ताट ठेवताना म्हणायची, "घे, तूच खाय." तो पुन्हा प्लास्टिकच्या खुर्चीत बसायला लागला होता. गरज नव्हती, पण खाली बसला की घर गप्प व्हायचं.

तेराव्या दिवशी ज्योत्स्ना दुकानातून आली, पाय भिंतीवर टाकले आणि पर्समधून एक टाइप केलेला कागद काढला.

"सही करा."

"काय आहे?"

"अर्ज. वाचून घ्या. नंतर म्हनू नोका सांगतलं नाही."

त्यानं वाचला. दोनदा वाचला. "याच्यात लिहिलं आहे का मी गेलोच नाही."

"हौ."

"मी गेलतो ना पन."

"बाबा," ज्योत्स्ना छताकडे पाहत म्हणाली, "माहे पाय पाहा."

त्यानं पाहिले. टाचेपासून गुडघ्यापर्यंत निळ्या शिरा वर आल्या होत्या, जुन्या वेलीसारख्या. सव्वीस वर्षांच्या पोरीच्या. त्यानं पेन मागितलं. कागद गुडघ्यावरच ठेवला म्हणून सही नेहमीसारखी आली नाही, आणि ज्योत्स्ना म्हणाली की हे बरंच झालं, आजारी माणसाची वाटते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जाताना त्यानं अर्ज ऑफिसात दिला आणि बिल्ला घेऊन पायऱ्या उतरला. कठड्याला हात न लावता. मधे एकदाही न थांबता.

अर्ज हिंदीत होता, कारण इथं कागदावरचं दुःख हिंदीतच लिहितात. मराठीत तो असा:

प्रति, मा. अध्यक्ष, वैद्यकीय मंडळ.
विषय: डाव्या गुडघ्यात झालेली सुधारणा रद्द करण्याबाबत.

महोदय,
अर्जदार चैतराम फकिरा खोब्रागडे याच्या गुडघ्यात दि. ५ जानेवारी ते २८ मार्च या मुदतीत सुधारणा झाल्याचे मंडळाच्या निदर्शनास आले आहे. सदर सुधारणेस अर्जदाराच्या कुटुंबाची संमती घेण्यात आली नव्हती. सबब, उपरोक्त मुदतीत अर्जदार व्यायामास गैरहजर होता असे समजण्यात यावे, रजिस्टरातील सह्या न केलेल्या धरण्यात याव्यात व गुडघा दि. ४ जानेवारीच्या स्थितीत अर्जदारास परत करण्यात यावा. झालेली सुधारणा अन्य गरजू कामगाराच्या नावे वर्ग करण्यास अर्जदाराची हरकत नाही. तसेच या प्रकरणी अंतिम निर्णय होईपर्यंत येत्या एक जुलैस स्थगिती देण्यात यावी, ही नम्र विनंती.